नर्सिंगच्या पहिल्या पोस्टिंगला निघालेल्यांसाठी

नर्सिंगला प्रवेश घेतला की बहुतेकांना धास्ती असते ती अ‍ॅनाटॉमी, फिजिऑलॉजी आणि औषधांच्या डोसची. तो अभ्यास जड आहेच, पण नेटाने केला की जमतो. माझ्या बॅचमध्ये ज्या मुली सोडून जायच्या गोष्टी करायच्या, त्यांतल्या बहुतेकींना थिअरीत चांगले मार्क होते. पोस्टिंगमध्ये, म्हणजे रुग्णालयात प्रत्यक्ष काम शिकताना, त्यांना वॉर्ड झेपत नव्हता, आणि झेपत नाही हे कुणाला सांगताही येत नव्हतं. त्या न सांगण्याचाच त्रास जास्त होतो, हे मला शिकताना आणि नंतर नव्या विद्यार्थ्यांबरोबर काम करताना दिसत आलं आहे. म्हणून हे लिहिते आहे.

मॅनिकिनच्या, म्हणजे सरावाच्या पुतळ्याच्या, दंडावर इंजेक्शन देताना हात थरथरत नाही. समोरचा माणूस सुईकडे टक लावून बघत असतो, शेजारी मॅडम मूल्यमापनाचा तक्ता घेऊन उभ्या असतात आणि मागे नातेवाईक असतात, तेव्हा तो थरथरतो. शिकणं, काम करणं आणि परीक्षा देणं अशी तिन्ही कामं एकाच क्षणी करावी लागणारे अभ्यासक्रम फार नाहीत. त्यात अंगावर गणवेश असला की रुग्णाला तुम्ही सिस्टरच वाटता. तो रिपोर्टचं विचारतो, दुखणं कधी थांबेल ते विचारतो. अशा वेळी एक वाक्य तोंडपाठ असू द्या: ‘मी विद्यार्थिनी आहे, सिस्टरना विचारून लगेच सांगते.’ हे म्हटल्याने रुग्णाचा विश्वास उडत नाही. विचारून खरोखर परत आलात तर तो वाढतो.

अनुभवी सिस्टर दारातून एक नजर टाकते आणि म्हणते, ‘त्या कोपऱ्यातल्या आजोबांचं बी.पी. बघ गं.’ आणि ते खरंच घसरलेलं निघतं. हे बघून नव्या मुलीला वाटतं, आपल्याला हे कधीच येणार नाही. अमेरिकेतल्या नर्सिंगच्या अभ्यासक पॅट्रिशिया बेनर यांनी 1984 साली परिचारिकेच्या प्रगतीचे 5 टप्पे मांडले. पहिल्या टप्प्यावरची नवखी व्यक्ती नियम धरून चालते, कारण तिच्याकडे पूर्वीचे प्रसंगच नसतात. शेवटच्या टप्प्यावरची परिस्थिती एका झटक्यात ओळखते. तेव्हा पहिल्या पोस्टिंगमध्ये चेकलिस्ट बघून काम करणं हे तुमच्या टप्प्याला साजेसंच आहे. त्या सिस्टरशी स्वतःची तुलना करू नका. त्यापेक्षा तिला जाऊन विचारा, ‘तुम्हाला नेमकं काय दिसलं?’ कामाच्या धांदलीतही बहुतेक जणी याचं उत्तर आवडीने देतात.

दुसरा ताण थोडा गुंतागुंतीचा आहे आणि त्यावर वर्गात कमी बोललं जातं. कॉलेजमध्ये प्रॉसिजर पायरीपायरीने शिकवतात. भरलेल्या वॉर्डात दोनच सिस्टर असल्या की त्या पायऱ्या आखडतात. योग्य काय ते माहीत आहे, पण परिस्थिती तसं करू देत नाही, या घुसमटीला नीतिशास्त्राचे अभ्यासक अँड्र्यू जेमटन यांनी 1984 मध्ये ‘मॉरल डिस्ट्रेस’ असं नाव दिलं. विद्यार्थिनीला ती जास्त लागते, कारण तिच्या शब्दाला वजन नसतं. माझं मत स्पष्ट आहे: काही गोष्टींवर तडजोड करायचीच नाही. रुग्णाची ओळख पटवणं, औषध देण्याआधी नाव, मात्रा, मार्ग आणि वेळ तपासणं, आणि हातांची स्वच्छता. बाकी वॉर्डची पद्धत वेगळी दिसली तर तिथे वाद न घालता ड्यूटीनंतर मॅडमना विचारा. कधी त्या पद्धतीमागे चांगलं कारण असतं. कधी नसतं, आणि तेही त्यांना कळायला हवं.

सुई टोचण्याबद्दल सविस्तर सांगते, कारण यातली भीती आणि लपवाछपवी दोन्ही मी पाहिली आहेत. वापरलेली सुई टोचली तर जागा दाबून रक्त काढत बसू नका. साबण-पाण्याने धुवा आणि त्याच मिनिटाला सांगा. एचआयव्हीचा धोका असेल तर प्रतिबंधक औषधं जितक्या लवकर सुरू होतील तितकी चांगली, 72 तासांच्या आत तर हवीतच. ती 28 दिवस घ्यायची असतात. हेपेटायटिस बीची लस पोस्टिंग सुरू होण्याआधीच पूर्ण झालेली असावी. मॅडम ओरडतील म्हणून गप्प राहिलेली मुलगी पुढे कित्येक आठवडे एकटी जागत बसते. ओरडा पाच मिनिटांत संपतो.

पहिला मृत्यू प्रत्येकीच्या वाट्याला येतो. माझ्या पहिल्या वेळी वॉर्डच्या सीनियर सिस्टर मला सोबत घेऊन शेवटची स्वच्छता करत होत्या. आजोबा गेले होते, तरी त्या त्यांच्याशी बोलत होत्या: ‘आता कूस वळवते हं.’ काम झाल्यावर त्यांनी मला ड्यूटी रूममध्ये बसवलं आणि विचारलं, ‘कालपर्यंत तूच त्यांना भरवत होतीस ना?’ मी रडले. त्यांनी रडू दिलं, मग दुपारच्या राउंडची तयारी माझ्याकडून करून घेतली. पुढच्या बॅचच्या मुलींबरोबर मी हाच क्रम पाळते: आधी बसवायचं, मग विचारायचं, मग काम द्यायचं. तुम्हाला असं कुणी बसवलं नाही तर त्याच संध्याकाळी तुम्हीच एखादीला गाठा आणि काय झालं ते सांगा. फक्त रुग्णाचं नाव-गाव त्यात नको, आणि मोबाइलच्या ग्रुपवर तर यातलं काहीच नको.

रात्रपाळीला मनाचा प्रश्न समजून लोक स्वतःला दोष देतात, पण त्यातला मोठा भाग शरीराचा आहे. पहाटे तीन ते पाचच्या सुमारास शरीराचं तापमान आणि सावधपणा दोन्ही तळाला असतात. औषधांचा हिशोब त्या वेळी दुसऱ्या व्यक्तीकडून तपासून घ्या. चहा-कॉफीतल्या कॅफीनचं निम्मं प्रमाण उरायलाच साधारण पाच तास लागतात, म्हणून ते पाळीच्या पहिल्या अर्ध्यातच आटपा. सकाळी खोलीत अंधार करून झोपा. सलग नाईट चालू असताना आयुष्याबद्दल मोठे निर्णय घेऊ नका. कॉलेज सोडायचा विचार दोन रात्री नीट झोपून झाल्यावर पुन्हा तपासा.

जागतिक आरोग्य संघटनेने 2019 साली बर्नआउटचं वर्णन आजार म्हणून न करता कामाशी जोडलेली अवस्था म्हणून केलं, आणि तिची 3 अंगं सांगितली: गळून जाणं, कामापासून मनाने तुटणं, आणि आपल्याला जमत नाही असं वाटणं. थकवा सगळ्यांनाच येतो. मी दुसऱ्या अंगाकडे जास्त लक्ष देते. रुग्णाला नावाने ओळखणारी मुलगी ‘सहा नंबर सारखी बेल वाजवतेय’ असं त्रासून बोलू लागली, की तिला विश्रांती आणि गप्पा दोन्ही हव्या आहेत हे मला कळतं. तिला दटावून काही साधत नाही.

यावर उपाय म्हणून ‘मन खंबीर करा’ एवढंच सांगितलं जातं, तेव्हा मला राग येतो. सकाळची ड्यूटी, दुपारचे तास, रात्री केअर प्लॅन (रुग्णाच्या देखभालीचा लेखी आराखडा) आणि दुसऱ्या दिवशी व्हायवा म्हणजे तोंडी परीक्षा, एवढ्यावर नुसता प्राणायाम पुरत नाही. वेळापत्रक अशक्य असेल तर एकटीने सोसू नका. वर्गाने मिळून, तारखांसह लिहून ते शिक्षकांपुढे ठेवा. मनाची ताकद एकटीच्या बळावर कमी आणि सोबत असलेल्यांमुळे जास्त टिकते, असा माझा अनुभव आहे. एक मैत्रीण, एक सीनियर आणि एक शिक्षिका, या तिघींना आपलं कसं चाललंय ते खरं माहीत असावं.

पण ताण आणि आजार यांतला फरकही ओळखा. दोन आठवडे जवळजवळ रोज मन उदास असेल किंवा आवडीच्या गोष्टीतही रस उरला नसेल, सोबत झोप, भूक, एकाग्रता बिघडली असेल, तर डॉक्टरांना किंवा समुपदेशकांना दाखवा. औषधशास्त्र शिकतोय म्हणून स्वतःच गोळ्या ठरवू नका. जगणं नकोसं वाटू लागलं तर दोन आठवडे मोजत बसायचं नाही, त्याच दिवशी मदत घ्यायची.

हेच रूममेटबद्दल. ती बोलेनाशी झाली, तिने आवडत्या वस्तू वाटून टाकल्या, ‘आता सगळं संपलेलं बरं’ असं म्हणाली, तर तिला सरळ विचारा: ‘जीव द्यायचा विचार येतोय का?’ विचारल्याने तो विचार मनात पेरला जात नाही. बऱ्याचदा कुणीतरी विचारलं म्हणून हायसं वाटतं. ‘कुणाला सांगू नकोस’ असं वचन तिने मागितलं तर देऊ नका. वॉर्डनला, शिक्षिकेला, तिच्या घरी, जो आधी भेटेल त्याला कळवा आणि मदत येईपर्यंत तिच्याजवळून हलू नका.