कामातून सुटलेला घोडा: मालकांनी आणि दत्तक घेणाऱ्यांनी या चुका टाळा

घोडा नीट सांभाळला तर 25 ते 30 वर्षं जगतो. महालक्ष्मी किंवा पुण्याच्या रेसकोर्सवरचं थरोब्रेड जातीचं घोडं दोन वर्षांचं असताना धावायला लागतं आणि बहुतेकांचं धावणं सहा-सात वर्षांपर्यंत आटोपतं. माथेरानचं स्वारीचं घोडं, वरातीतली घोडी, टांग्याचं घोडं जास्त वर्षं राबतात. तरी गुडघे, पाठ किंवा खूर जायबंदी झाले की त्यांचंही काम थांबतं आणि पुढे दहा-पंधरा वर्षांचं आयुष्य शिल्लक राहतं. या वर्षांची जागा, पैसा आणि माणूस घोडं कमावतं असतानाच ठरायला हवेत. ते ठरलेलं नसतं म्हणूनच खाली लिहिलेल्या बहुतेक चुका होतात.

‘चांगल्या घरी दिलं’ म्हणून निश्चिंत होणं

सगळ्यात जास्त नुकसान या चुकीने होतं आणि ती बहुधा चांगल्या मनाचीच माणसं करतात. रेसचा मालक घोडं रायडिंग स्कूलला देतो. तिथे दोन-तीन वर्षांनी ते लंगडायला लागलं की वरातवाल्याकडे जातं. तिथून एखाद्या थंड हवेच्या ठिकाणी, तिथून वीटभट्टीवर किंवा ओझ्याच्या गाडीला. प्रत्येक हातबदलात किंमत उतरते आणि घेणाऱ्याची ऐपतही. म्हातारपणी ज्याच्या दारात ते उभं असतं, त्याच्याकडे दाण्यालाही पैसे नसतात. त्या शेवटच्या माणसाला दोष देणं सोपं आहे. पण घोड्याच्या उमेदीच्या वर्षांची कमाई त्याच्या हाती कधी आलेलीच नसते.

हे जुनंच दुखणं आहे. पहिल्या महायुद्धानंतर ब्रिटिश सैन्याने आपले हजारो घोडे इजिप्तमध्ये विकून टाकले. 1930 मध्ये डोरोथी ब्रुक कैरोला गेल्या, तेव्हा ते घोडे दगड-मातीच्या गाड्या ओढताना त्यांना सापडले. हाडं वर आलेली, अंगावर जखमा, बहुतेक विशीच्या पुढचे. त्यांनी लंडनच्या वर्तमानपत्रात पत्र लिहून पैसे गोळा केले, असे घोडे विकत घेतले आणि 1934 मध्ये कैरोत घोड्यांचा दवाखाना काढला. त्यातून उभी राहिलेली ब्रुक संस्था आज भारतातही वीटभट्ट्यांवरच्या घोडे-खेचरांसाठी काम करते. नामांकित घोडाही यातून सुटत नाही. 1986 ची केंटकी डर्बी ही अमेरिकेतली मोठी शर्यत जिंकलेला फर्डिनंड हा घोडा पुढे पैदाशीसाठी जपानला विकला गेला आणि 2002 मध्ये त्याची कत्तल झाली. त्याच्या जुन्या मालकांना हे कळलं तेव्हा उशीर झाला होता.

म्हणून घोडं देताना तोंडी शब्दावर विसंबू नका. कागद करा. त्यात तीन गोष्टी हव्यातच: पुढे कुणालाही विकायचं नाही, सांभाळता आलं नाही तर आधी तुम्हाला कळवून परत द्यायचं, आणि तुम्ही कधीही येऊन बघू शकता. नुसतं लिहून भागणार नाही, वर्षातून दोनदा तरी जाऊन या. मायक्रोचिप बसवा. चारही बाजूंचे फोटो, पायांचे पांढरे पट्टे, कपाळावरचा टिळा आणि भोवरे यांची नोंद ठेवा. सारंगखेड्याच्या बाजारात भोवरे पाहून घोडं शुभ की अशुभ ते ठरवतात. त्या शुभाशुभात काही अर्थ नाही, पण ओळख पटवायला भोवऱ्यांची जागा खरोखर उपयोगी पडते, कारण ती जन्मभर बदलत नाही.

घोडं दुसऱ्या जिल्ह्यात जाणार असेल तर आधी ग्लँडर्सची रक्ततपासणी करून घ्या. हा रोग माणसालाही होतो आणि कायद्याने तो सरकारला कळवावा लागतो. एका न तपासलेल्या घोड्यामुळे अख्खा तबेला धोक्यात येतो.

हिशेब न करता सांभाळायला घेणं

‘चार पेंढ्या टाकू, खाईल’ म्हणत घोडं घेणाऱ्याचा उत्साह एका उन्हाळ्यात संपतो. घोड्याला रोज वजनाच्या दीड ते दोन टक्के सुकी वैरण लागते. 400 किलोच्या घोड्याला सहा ते आठ किलो, म्हणजे वर्षाला अडीच टनांच्या आसपास. पाणी दिवसाला 25 ते 40 लिटर, उन्हाळ्यात आणखी जास्त. शिवाय नालबंद, जंतनाशक, धनुर्वाताची लस, दातांचं काम आणि मोतद्दाराचा, म्हणजे घोडं सांभाळणाऱ्या नोकराचा पगार. आपल्या गावातल्या कडब्याचा भाव लावून बारा महिन्यांचा आकडा काढा, त्याला उरलेल्या वर्षांनी गुणा आणि मगच हो म्हणा.

माथेरान-महाबळेश्वरच्या अश्वपालाला हा आकडा एकट्याला पेलणारा नाही, हे मान्य करायला हवं. त्याच्या घोड्यावर बसून फोटो काढणाऱ्या पर्यटकाचंही त्या घोड्याकडे देणं आहे. दर फेरीमागे ठरावीक रक्कम संघटनेच्या निवृत्ती निधीत गेली पाहिजे आणि ती दरपत्रकात उघड दिसली पाहिजे. पर्यटक कुरकुरतील, पण देतील.

शहराचंही तसंच आहे. जून 2015 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने हौसेच्या सफरीच्या व्हिक्टोरिया घोडागाड्या बेकायदा ठरवल्या, वर्षभरात त्या बंद करायला आणि पुनर्वसनाची योजना आखायला सांगितलं. निर्णय योग्यच होता. मात्र धंदा बंद करणाऱ्या अशा प्रत्येक निर्णयासोबत घोड्यांची यादी हवी: कोणतं घोडं, वय काय, कुठे जाणार, खर्च कोण करणार. माथेरानमध्ये आता ई-रिक्षा आल्या आहेत. ही यादी तिथे आजच करायला घ्यावी.

‘मोकळं सोडलं, निसर्गात राहील’

तबेल्यात वाढलेलं घोडं रानात स्वतःचं पोट भरेल, हा गैरसमज आहे. ते रस्त्यावर येतं, उकिरड्यावर प्लास्टिक खातं, गाडीखाली सापडतं. घोड्याला उलटी करता येत नाही, त्यामुळे पोटात गेलेलं प्लास्टिक किंवा सडका भाजीपाला पोटशुळाने त्याचा जीव घेतो.

हा गुन्हाही आहे. प्राण्यांना क्रूरतेने वागवण्यास प्रतिबंध करणाऱ्या 1960 च्या कायद्याच्या कलम 11 नुसार, उपासमार होईल अशा अवस्थेत जनावर सोडून देणं, आजारी किंवा अपंग जनावराला रस्त्यावर मरू देणं आणि वयामुळे वा दुखण्यामुळे अयोग्य झालेल्या जनावराला कामाला जुंपणं, हे तिन्ही गुन्हे आहेत. पहिल्यांदा गुन्हा केला तर दंड दहा ते पन्नास रुपये. आज एका पेंढीच्या भावाइतकी ही रक्कम आहे. ती वाढायला हवी आणि त्यासाठी आपण आमदार-खासदारांच्या मागे लागायला हवं.

काम एका दिवसात बंद, चंदी मात्र तीच

निवृत्त घोड्याला प्रेमापोटी भरपूर हरभरा, ओट आणि गूळ खाऊ घालतात. रोज घाम गाळणाऱ्याची चंदी, म्हणजे दाण्याचा खुराक, उभ्या घोड्याला पचत नाही. पोटशूळ होतो, नाहीतर खुरांच्या आतली दाहाची अवस्था, लॅमिनायटिस. घोडं पुढचे पाय पुढे टाकून, भार मागे घेऊन उभं राहतं, वळताना अडखळतं, खूर हाताला गरम लागतो. हे दिसलं तर त्याच दिवशी डॉक्टर बोलवा, चंदी थांबवा, पायाखाली मऊ रेती किंवा जाड पेंढा टाका आणि फिरवायला नेऊ नका. ‘चालल्यावर मोकळं होईल’ हा सल्ला इथे घात करतो.

काम कमी करायचं तर दोन-तीन आठवड्यांत हळूहळू. चंदी आधी घटवा, वैरण वाढवा, रोजचं हिंडणं चालू ठेवा. रेसचं घोडं तर दिवसातले बहुतेक तास तबेल्यात बांधून राहायची सवय घेऊन येतं. त्याला एकदम मोठ्या मैदानात सोडलं की उधळतं, पाय मोडून घेतं. आधी छोट्या कुंपणात, शांत सोबत्याबरोबर सोडा. सोबत हवीच, कारण घोडं कळपातलं जनावर आहे. दुसरं घोडं ठेवणं शक्य नसेल तर गाढव किंवा शेळीसुद्धा चालते. एकटं ठेवलेलं घोडं झुलत राहतं, लाकूड चावतं, खाणं सोडतं.

‘म्हातारं झालं, वाळणारच’

म्हातारपणामुळे घोडं आपोआप वाळत नाही. बरगड्या दिसायला लागल्या तर कारण शोधा, आणि सुरुवात तोंडापासून करा.

घोड्याचे दात जन्मभर वर सरकत राहतात आणि घासले जातात. झीज वेडीवाकडी झाली की दाढांना धारदार कडा येतात, गाल आणि जीभ कापली जाते. मग घोडं घास चघळून त्याच्या ओल्या गोळ्या खाली टाकतं. लिदीत अख्खे दाणे आणि लांब काड्या दिसतात. दाढा कानस लावून सारख्या करणं हे घोड्याचं काम जाणणाऱ्या डॉक्टरचं काम आहे. वर्षातून एकदा तपासा, विशीनंतर सहा महिन्यांनी. दात उरलेच नसतील तर लांब कडबा बंद करा आणि लसूणघासाची कुट्टी भिजवून द्या. फक्त गव्हाच्या कोंड्यावर ठेवू नका. कोंड्यात फॉस्फरस जास्त आणि कॅल्शियम कमी असतं, त्याने हाडं ठिसूळ होतात आणि जबडा सुजतो.

दात ठीक असतील तर लीद तपासून जंत बघा. अधूनमधून ताप, फिकट हिरड्या, पायांवर किंवा पोटाखाली सूज असेल तर सर्रा हा रक्तातल्या परजीवीचा रोग असू शकतो. चावऱ्या माश्या तो पसरवतात आणि रक्ततपासणीत तो सापडतो. पंधरा वर्षांवरच्या घोड्याचे केस उन्हाळ्यातही गळले नाहीत, लांब आणि कुरळे राहिले, तर तो कुशिंग नावाचा ग्रंथीचा आजार असू शकतो. त्याच्यामागून लॅमिनायटिस येतो, म्हणून तो लवकर ओळखा.

अंगावर मांस किती आहे ते नजरेने ठरवू नका. लांब केसांत बरगड्या लपतात. दर महिन्याला बरगड्या, पाठीचा कणा आणि शेपटीच्या मुळाशी हात फिरवा आणि वहीत लिहा.

नाल काढली म्हणजे खुरांचं काम संपलं

काम नाही तर नाल लागत नाही, हे बरोबर. पण खूर वाढतच राहतो. दर सहा ते आठ आठवड्यांनी नालबंदाने तो तासायलाच हवा. पुढचं टोक लांबलं की सगळा ताण सांध्यांवर आणि शिरांवर येतो. पावसाळ्यात चिखलात उभ्या घोड्याच्या खुराचा तळ सडतो, काळा घाण वासाचा स्राव येतो. रोज खूर उकरून साफ करणं आणि उभं राहायला कोरडी जागा देणं हा त्यावरचा उपाय.

गोशाळेत किंवा पांजरपोळात सोडून विसरणं

मुंबईचा पांजरपोळ 1834 पासून आहे. अशा जुन्या संस्थांनी असंख्य जनावरं जगवली. तरी गाईंची जागा घोड्याला आपोआप मानवते असं नाही. सगळ्यात मोठा धोका खाद्याचा. गाई-म्हशींच्या काही खाद्यांत आणि कोंबड्यांच्या खाद्यात मोनेन्सिन किंवा सॅलिनोमायसिन नावाचं औषध मिसळलेलं असतं. गाई-कोंबड्यांना ते ठरल्या प्रमाणात चालतं. घोड्याला मोनेन्सिनची त्याच्या वजनाच्या किलोमागे दोन-तीन मिलिग्रॅम मात्राही मारक ठरते, हृदयाचे स्नायू निकामी होतात आणि त्यावर उतारा नाही. संस्थेत घोडं देताना व्यवस्थापकांना हे लेखी द्या, गोठ्यातल्या खाद्यापासून घोड्याची गव्हाण वेगळी करायला सांगा. बुरशी आलेला मका, मुरघासाचा खराब झालेला थर एखादी गाय कदाचित पचवेल, घोडं मरू शकतं.

आणि महिन्याचा खर्च देत राहा. घोडं दिलं, पावती घेतली, हात झटकले, असं करू नका.

घोडी आहे, शिंगरू काढू

जायबंदी किंवा म्हाताऱ्या घोडीला खर्च भरून काढण्यासाठी गाभण ठेवतात. अकरा महिने पोटात आणि पुढे पाच-सहा महिने अंगावर दूध, हा भार थकलेल्या शरीराला सोसत नाही. वर आणखी एका जनावराच्या पंचवीस वर्षांची जबाबदारी येते. ‘हलकं काम’ म्हणून दुखऱ्या पायाच्या घोड्याला मुलांच्या फेऱ्यांना लावणंही असंच. आधी डॉक्टरांनी त्याला चालवून, पळवून बघू दे.

शेवटचा निर्णय लांबवणं

पडलेलं घोडं उठत नाही, लॅमिनायटिस औषधाला दाद देत नाही, पोटशूळ पुन्हा पुन्हा येतो, तेव्हा डॉक्टरच्या हातून वेदना न होता मरण देणं हीसुद्धा मालकाची जबाबदारी आहे. पाप लागेल म्हणून कित्येक जण मागे हटतात आणि घोडं तीन-तीन दिवस तडफडतं. जे घोडं आत्ताच जेमतेम उठतंय, त्याचा निर्णय पावसाळ्याआधी घ्या. घाटमाथ्याच्या पावसात डॉक्टरही वेळेत पोहोचत नाही आणि खड्डा खणणारं यंत्रही नाही.

डॉक्टरांना वेदनाशामक कोणतं देताय ते विचारा. औषध दिलेल्या जनावराचं शव खाऊन गिधाडं मरतात म्हणून जनावरांसाठी डायक्लोफिनॅकवर 2006 मध्ये, तर किटोप्रोफेन आणि अॅसिक्लोफिनॅकवर 2023 मध्ये बंदी आली. मेलॉक्झिकॅम गिधाडांना सुरक्षित आहे. रायगडात गिधाडं मोजकीच उरली आहेत. कायमचं झोपवण्याचं औषध दिलेल्या घोड्याचं शव तर उघड्यावर टाकूच नका, ते खाऊन कुत्री आणि पक्षी मरतात. ग्रामपंचायतीला किंवा नगरपालिकेला कळवून, विहिरी-ओढ्यापासून दूर, खोल खड्ड्यात पुरा.