लेझी जॅकमुळे मेनसेल काचतंय? आधी दोर पुढे घ्या

मेनसेल, म्हणजे मुख्य शीड, उतरवताना ते डेकभर पसरू नये, बूमवर, म्हणजे शिडाखालच्या आडव्या दांड्यावरच, गोळा व्हावं, एवढ्यापुरतेच लेझी जॅक (डोलकाठीवरून बूमच्या दोन्ही बाजूंना येणारे दोर) असतात. शीड भरून बोट चालू लागली की त्यांचं काम संपतं. तरीही बहुतेक बोटींवर ते ताणलेलेच राहतात आणि फुगलेलं शीड वाऱ्याच्या उलट बाजूच्या दोरावर टेकतं. वायव्येच्या वाऱ्यावर दुपारनंतर मालवण-वेंगुर्ल्याकडून गोव्याला उतरताना हे हमखास होतं: वारा मागून, बूम पूर्ण बाहेर, आणि तासन्‌तास तोच दोर त्याच जागी घासत असतो. संध्याकाळी वारा पडला की आणखी वाईट. लाटांवर बोट डोलते आणि रिकामं शीड दोरांवर आपटत राहतं.

शीड नेमकं कुठे काचतं ते आधी शोधा. सुताराचा निळा खडू दोन्ही बाजूंच्या दोरांना चोळा, वारा एकदा डावीकडून, एकदा उजवीकडून घेत तासभर चालवा आणि मग शिडावरचे डाग बघा. ते बहुधा बॅटनच्या (शीड ताठ ठेवणाऱ्या पट्ट्यांच्या) खिशांवर आणि शिडाच्या मागच्या कडेच्या शिवणीवर सापडतात. उन्हाने कापडाआधी धागा जातो. शिवण नखाने खरवडा. धागा तुटला किंवा त्याचा भुगा झाला, तर ठिगळाआधी शिवण नवी घालावी लागेल.

खरा उपाय दोर पुढे घेण्याचा. बूम डोलकाठीला जिथे जोडलेला असतो, तिथे दोन्ही बाजूंना एकेक हुक बसवा. वरच्या कप्पीतून येणारा दोर क्लीटवरून (दोर बांधायच्या खुंटीवरून) सैल सोडा, त्याचे खाली बूमकडे जाणारे फाटे गोळा करून पुढे आणा, हुकात अडकवा आणि दोर पुन्हा ताणा. आता सगळं जंजाळ बूम आणि डोलकाठीला लागून पडतं. वरचा दोर यासाठी पुरेसा लांब हवा, म्हणून कापण्याआधी फाटे हुकापर्यंत नेऊन माप घ्या.

हे शीड चढवण्यापूर्वी करायचं. मांडवीतून बाहेर पडताना आग्वादच्या आडोशाला पाणी त्यातल्या त्यात शांत मिळतं. तिथे बोटीचं नाक वाऱ्यात धरा आणि शीड चढवा. दोर जागेवरच राहिले तर बॅटनचं टोक त्यांच्याखाली अडकतं. विंच (शिडाचा दोर ओढायचा रहाट) फिरवणाऱ्याला ते कळत नाही. कळतं ते खिसा फाटल्यावर. परतताना पणजी-बेती फेरीबोटीच्या वाटेत शिरण्याआधीच दोर मागे सोडून ताणा. बूमचं वजन मात्र टॉपिंग लिफ्टवरच (बूमचं मागचं टोक वरून उचलून धरणाऱ्या दोरावरच) घ्या, लेझी जॅकवर कधीच नको.

बूमवर शिडाची पिशवी कायमची असेल तर दोर पुढे आणता येत नाहीत. मग शीड चढल्यावर ते २०-३० सेंटिमीटर सैल करा. शीड भरलेलं असताना उलट बाजूचा दोर हाताने सहज हलला पाहिजे. त्याहून सैल सोडलात तर दोराचा फास स्प्रेडरच्या (डोलकाठीच्या बाजूला निघालेल्या आडव्या दांड्याच्या) टोकात अडकेल.

दोर ६ मिलिमीटरचा, मऊ विणीचा पॉलिएस्टर घ्या. ४ मिलिमीटरचा डायनीमा मजबूत खरा, पण इथे भार फार नसतो, आणि बारीक कडक दोर शिडात जास्त रुततो. जेटीजवळच्या दुकानात किलोवर मिळणारा पॉलिप्रॉपिलिनचा दोर तर घेऊच नका. उन्हात त्याचे तंतू उभे राहून त्याची कानस होते. दोराऐवजी प्लास्टिक चढवलेली तार असेल आणि प्लास्टिकला भेगा दिसत असतील, तर ती आजच काढा. फाटे जुळतात तिथे धातूच्या कप्प्यांऐवजी दोरातच विणलेले डोळे ठेवा, म्हणजे शिडावर आपटायला कडक काही उरत नाही.

एवढं करूनही डाग पडणाऱ्या जागी चिकट पाठीच्या डॅक्रॉनचं (शिडाच्या पॉलिएस्टर कापडाचं) ठिगळ लावा, कोपरे गोल कापून. आधी गोड्या पाण्याने मीठ धुवा, पूर्ण वाळू द्या, आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा, चिकटवून चमच्याच्या पाठीने घोटा. बॅटनच्या खिशावर कडेने झिगझॅग शिवण हवीच. नुसत्या गोंदावर ते टिकत नाही.

मेअखेर, पावसाआधी, शिडाबरोबर लेझी जॅकही उतरवा आणि गोड्या पाण्यात भिजवून मीठ काढा. वरचा दोर ओढून काढताना त्याच्या टोकाला बारीक दोरी बांधून ती कप्पीतून ओवून ठेवा, नाहीतर ऑक्टोबरात तेवढ्यासाठी कुणाला तरी डोलकाठीवर चढवावं लागेल.