स्पर्धेपूर्वी वेटलिफ्टरने करावयाची तयारी

स्पर्धेला आठ-दहा दिवस उरले की सेटची संख्या निम्म्यावर आणावी, बारवरचे वजन मात्र फार उतरवू नये. एवढ्या काळात ताकद ओसरत नाही, जड बारची सवय मात्र मोडते. सरावाचे बाजूने घेतलेले व्हिडिओ याच दिवसांत पुन्हा पाहावेत. त्यांत पाहायचे ते इतकेच, की गुडघे ओलांडल्यावर बार मांड्यांना लगटून वर जातो की पुढे सुटतो. या टप्प्यावर गुडघे पुन्हा किंचित वाकून बारखाली सरकतात, धड उभे होते आणि त्याच स्थितीतून नितंब व गुडघे झटक्यात सरळ होऊन बारला सर्वाधिक वेग मिळतो. कोपरे त्याआधीच वाकली, तर पायांचा जोर बारपर्यंत पुरता पोहोचत नाही.

पहिल्या प्रयत्नाचे वजन याच व्हिडिओंवरून ठरवावे. थकलेल्या दिवशीही ज्या वजनाला बारचा मार्ग बदलत नाही, तेवढेच सांगावे, मग ते कितीही किरकोळ वाटो. प्रयत्न फसला तरी पुढच्या प्रयत्नाला वजन कमी करता येत नाही, आणि स्नॅचचे, म्हणजे बार जमिनीवरून एका दमात डोक्यावर नेण्याच्या प्रकाराचे, तीनही प्रयत्न वाया गेले तर स्नॅच आणि क्लीन अँड जर्क (बार आधी खांद्यावर, मग डोक्यावर नेणे) यांच्या बेरजेचा, म्हणजे एकूण वजनाचा, निकालच लागत नाही. इथे हौस महागात पडते.

बॅगेत ओळखपत्र, कॉस्च्युम, कडक टाचेचे बूट, टेप आणि 12 सेंटिमीटरपेक्षा रुंद नसलेला पट्टा असावा. अंगठ्याला टेप लावताना सांधा वाकवूनच गुंडाळावी. सरळ अंगठ्यावर घट्ट बसवलेली टेप हुक ग्रिप (अंगठा बोटांखाली दाबून बार धरणे) घेताच काचते.

वजन नोंदणी स्पर्धेच्या दोन तास आधी सुरू होऊन तासभर चालते. त्यानंतर प्रशिक्षकाने कागद-पेन्सिल घेऊन आपल्या लिफ्टआधी किती प्रयत्न बाकी आहेत ते उलटे मोजावेत आणि साधारण दर तीन प्रयत्नांमागे वॉर्मअपची एक लिफ्ट धरावी. इतरांनी वजने बदलली की हा हिशेब कोलमडतो, म्हणून तो पुनःपुन्हा तपासावा. नाव पुकारल्यावर एक मिनिट मिळते. लागोपाठ आपलाच प्रयत्न असेल तर दोन. खडू आधीच लावलेला असावा. बार डोक्यावर स्थिर झाल्यावर पंचांचा इशारा येईपर्यंत तो खाली सोडू नये.