अक्कलदाढ काढलीये? मग आठवडाभर फोडणीशी कट्टी

माझी खालची डावी अक्कलदाढ आडवी होती, म्हणजे वर यायचं सोडून शेजारच्या दाढेला धडका देत बसलेली, त्यामुळे ती हिरडी कापून काढावी लागली. घरी येताना हातात कागद मिळाला, त्यावर गोळ्यांच्या खाली दोनच शब्द, सॉफ्ट डाएट. आईने तो वाचला आणि म्हणाली मग काय टेन्शन, पोहे आहेत, उपमा आहे, साबुदाण्याची खिचडी आहे, सगळं मऊच की. मलाही पटलं. तिसऱ्या दिवशी त्या मऊ लुसलुशीत उपम्यातली एक मोहरी बरोब्बर दाढेच्या खड्ड्यात जाऊन बसली.

जिभेला लागतेय पण निघत नाही, जोरात चूळ भरायची सोय नाही, मोबाईलचा टॉर्च लावून आरशात बघावं तर तोंड दोन बोटांच्या वर उघडत नाही. रात्रभर तीच जीभ तिथेच. सकाळी डॉक्टरांनी सिरिंजमध्ये मिठाचं पाणी घेऊन हळूच सोडलं तेव्हा ती कापसावर आली, काळीभोर, टुमटुमीत. डॉक्टर म्हणाले दर आठवड्याला कोणाच्या तरी मोहऱ्या काढतो मी. तर मुद्दा असा की आपल्याकडे नुसतं मऊ बघून चालत नाही, त्यात बारीक काय काय पडलंय ते बघावं लागतं, आणि आपल्या स्वयंपाकात बारीक काहीतरी पडल्याशिवाय पदार्थ पूर्णच होत नाही. मोहरी, जिरं, तीळ, खसखस, दाण्याचा कूट, सुकं खोबरं, कोथिंबिरीच्या काड्या. हे सगळं किमान आठ-दहा दिवस बंद.

आता पहिल्या दिवसापासून सांगतो. दाढ काढल्यावर कापसाचा किंवा गॉजचा बोळा चावून धरायला देतात, साधारण अर्धा-पाऊण तास, तो असेपर्यंत अर्थातच काही खायचं नाही. बधीरपणा त्यानंतरही दोन-चार तास राहतो, कधीकधी जास्तच. तोपर्यंत चावून खायचं काहीच नको आणि गरम तर अजिबात नको, कारण ओठ, गाल, जीभ आपली आहे की शेजाऱ्याची ते कळत नसतं आणि घासाबरोबर गालही चावला जातो. माझ्या मित्राने क्लिनिकमधून येता येता अमृततुल्यवर चहा मारला, ओठ भाजला, कळलं संध्याकाळी.

जखमेत रक्ताची गुठळी बसते ती खालचं हाड आणि नसा झाकून ठेवते, आणि पहिले काही दिवस सगळा आटापिटा ती गुठळी जागेवर राहावी म्हणून असतो. ती निघाली की ड्राय सॉकेट, आणि ती कळ अगदी कानापर्यंत जाते. म्हणून स्ट्रॉ बंद, थुंकणं बंद (लाळ गिळून टाका किंवा तोंड उघडून बेसिनमध्ये नुसती गळू द्या), सिगरेट आणि दारू बंद. हे सगळे सांगतात. पण चोखणं फक्त स्ट्रॉने होत नाही ना. आमटीचा भुरका मारणं हेही ओढणंच आहे. बशीतला चहा सुर्रकन पिणं, शेवग्याची शेंग चोखणं, आंबा चोळून चोखणं, मटणाची नळी ओढणं, सगळं त्यातच आलं. माझे बाबा भुरक्याशिवाय वरणभात खाऊच शकत नाहीत, त्यांची दाढ काढली तेव्हा आई समोर बसून पहारा द्यायची. चमच्याने खा, वाटीला ओठ लावून हळू प्या, बस.

पहिला दिवस गार आणि पातळ. गार दूध, साधं गोड दही, लस्सी चमच्याने, व्हॅनिला आइस्क्रीम, पियूष. श्रीखंड मस्त लागतं, चितळ्यांचा डबा आणून ठेवा, फक्त चारोळ्या-पिस्ते असतील तर आधी वेचून काढा. मस्तानी चालते का असं लोक विचारतात, चालते की, वरचा सुका मेवा आणि चेरी दुसऱ्याला देऊन टाका आणि ती चमच्यानेच खा. आइस्क्रीमचा कोन नको, त्याचे कुरकुरीत तुकडे टोचतात. आणि बाहेरून गालावर बर्फ लावायचा, रुमालात गुंडाळून, दहा-पंधरा मिनिटं लावला की तेवढाच वेळ काढून ठेवायचा.

पण नुसत्या आइस्क्रीमवर राहू नका, हे मी चुकलो. दुखण्याच्या गोळ्या, विशेषतः आयबुप्रोफेन वगैरे, रिकाम्या पोटी घेतल्या की ॲसिडिटीने जीव जातो. गोळीच्या आधी वाटीभर काहीतरी पोटभरीचं पोटात जायला पाहिजे. संध्याकाळपर्यंत बधीरपणा गेला की केळ्याचं शिकरण करा, पिकलेलं केळं हाताने पूर्ण कुस्करून, गुठळी ठेवायची नाही, किंवा नाचणीचं सत्त्व. दोन चमचे सत्त्व आधी गार पाण्यात कालवायचं, नाहीतर गोळे होतात, मग कपभर दूध घालून ढवळत ढवळत पाच-सात मिनिटं शिजवायचं आणि कोमट झाल्यावर खायचं. कोमट म्हणजे बोट बुडवून धरता येईल इतकं. मेट्रोनिडाझोल (जंतुसंसर्गावरची गोळी) दिली असेल तर तोंडाला लोखंडासारखी चव येते आणि काहीच गोड लागत नाही, त्यात पदार्थाचा दोष नाही, स्वयंपाक करणाऱ्यावर चिडू नका.

दुसरा आणि तिसरा दिवस खरे त्रासाचे, कारण सूज वाढत जाऊन दोन-तीन दिवसांनी सगळ्यात जास्त होते. लोक घाबरतात की काल कमी होती आज गाल आंब्याएवढा कसा झाला, तर ते तसंच असतं. जबडाही आखडतो, त्यामुळे मोठा चमचा तोंडात जात नाही, लहान मुलांचा चमचा काढा. ह्या दिवसांसाठी गुरगुट्या भात, तूप आणि मेतकूट, याच्यापुढे काही नाही. आंबेमोहोर असेल तर तोच घ्या, तो मुळातच मऊ, थोडा चिकट होतो. एक वाटी तांदूळ, सहा वाट्या पाणी, मीठ, कुकरला पाच-सहा शिट्ट्या, आणि उघडल्यावर पळीच्या पाठीने घोटून घ्यायचा. मेतकूट अगदी बारीक दळलेलं पाहिजे, शंका असेल तर चाळून घ्या, आणि भातात तुपाबरोबर पूर्ण कालवा म्हणजे कोरडी पूड उडून ठसका लागत नाही. ठसका, शिंक, उलटी, ह्या तिन्हीला त्या दिवसात मी फार घाबरून होतो. शिंक आली तर तोंड उघडं ठेवून शिंका, विशेषतः वरची दाढ काढली असेल तर.

दुसरं म्हणजे मुगाच्या डाळीची पातळ खिचडी. एक वाटी तांदूळ, अर्धी वाटी मूगडाळ, पाणी सात-आठ वाट्या, आणि फोडणी फक्त तूप, हिंग, हळद. मोहरी नाही, जिरं नाही, मिरचीचा तुकडा नाही. जिऱ्याचा वास पाहिजेच असेल तर जिरेपूड घाला. आईला हे सांगणं सगळ्यात अवघड गेलं, ती म्हणाली बिनमोहरीची फोडणी म्हणजे काय फोडणी, मग तिने मोहरी घालून गाळणीने तूप गाळलं आणि ते खिचडीवर ओतलं. ही आयडिया खरं तर भारी आहे. मोहरीचा वास येतो, मोहरी येत नाही. गाळणी चहाची घ्या, बारीक जाळीची, आणि स्टीलची, प्लास्टिकची वितळेल.

चोवीस तास झाले की कोमट मिठाच्या पाण्याच्या चुळा सुरू, ग्लासभर पाण्यात अर्धा चमचा मीठ, दिवसातून चार-पाच वेळा आणि प्रत्येक खाण्यानंतर. खळखळ करायची नाही. पाणी तोंडात घ्यायचं, मान इकडून तिकडे कलती करायची आणि तोंड उघडून सोडून द्यायचं.

तोंड थोडं उघडायला लागलं की प्रोटीन कडे बघा, कारण जखम भरायला ते लागतं आणि भात-शिकरणात ते फारसं नसतं. अंडं खात असाल तर मऊ भुर्जी, कांदा-मिरची न घालता, थोडं दूध घालून मंद आचेवर, कडा लाल होऊ द्यायच्या नाहीत. एका अंड्यात सहा ग्रॅम प्रोटीन असतं, दोन खाल्ली की बरंच काम झालं. नाही खात तर घरचं ताजं पनीर कुस्करून, घट्ट वरण, दही. इडली वरणात बुडवून भिजवली की मस्त जाते, सांबार नको, त्यात मोहरीपण आहे, आंबटपण आहे आणि तिखटपण. लाल भोपळा, दुधी, रताळं उकडून गाळून सूप करा, टोमॅटोचं सूप पहिले काही दिवस झोंबतं, लिंबू तर विचारूच नका. गुरगुट्या भातावर सवयीने लिंबू पिळला होता मी, एकदाच.

फळांचं थोडं सांगतो कारण तिथे लोक फसतात. पपई, चिकू, पिकलं केळं ठीक. महाबळेश्वरची स्ट्रॉबेरी मऊ आहे पण तिच्या अंगावरच्या बिया म्हणजे मोहरीची मावशी. सासवडकडचं अंजीर तसंच, पेरू तर सरळ शत्रू. सीताफळ वरून निष्पाप दिसतं पण ते खायची पद्धतच चोखून बी थुंकायची, म्हणजे दोन्ही गुन्हे एकदम, त्यापेक्षा गर चाळणीवर घासून दुधात घाला. आमरस तिसऱ्या-चौथ्या दिवसापासून चालतो, आंबट नसेल तर, पोळीशिवाय.

साबुदाण्याच्या खिचडीला मी वैयक्तिक आकसाने बाद करत नाहीये, त्यात कूट असतो, जिरं असतं आणि दाणा चिकट, तो खड्ड्यात बसला की हलत नाही. पोहे कोरडे असतात आणि कडेचे पोहे टोचतात. चहात बुडवलेली खारी मऊ वाटते पण तिचे पापुद्रे सुटून कुठेही जातात. ज्वारीची भाकरी दुधात तासभर भिजवून कुस्करली तर पाचव्या दिवसानंतर चालते, पोळीचंही तेच.

हॉस्टेल किंवा पीजीवर राहत असाल आणि डबा लावलेला असेल तर डबेवाल्या काकूंना आदल्या दिवशीच फोन करा. नुसतं मऊ द्या म्हणू नका, मसालेभात येईल. म्हणा, काकू दाढ काढलीये, आठ दिवस फक्त भात जास्त शिजवून आणि बिनफोडणीचं वरण, तूप वेगळं. पेठांमधल्या काकू आधी दोन वाक्यं सुनावतील पण वरण आठवणीने पाठवतात असा अनुभव आहे. खोलीवर इलेक्ट्रिक केटल असेल तर मूगडाळ आणि तांदूळ भाजून मिक्सरमधून दळून आणा, दोन चमचे गार पाण्यात कालवून केटलमधल्या उकळत्या पाण्यात घातले की पेज होते, फक्त समोर उभे राहा, उतू जाते.

घरगुती सल्ले भरपूर येतील. कोमट हळददूध प्या, काही बिघडत नाही. पण हळद, लवंगेचं तेल, तुरटी असलं काहीही डॉक्टरांना न विचारता जखमेत भरू नका. डायबेटिस असेल तर हे शिकरण-श्रीखंड-आइस्क्रीम प्रकरण तुमच्यासाठी नाही, आणि खाणं कमी झाल्यावर गोळ्यांचं काय करायचं ते दाढ काढायच्या आधीच विचारून घ्या.

लाळेत थोडं लाल पहिल्या दिवशी येतंच. पण बोळा अर्धा तास नीट चावूनही रक्त थांबत नसेल, ताप आला, किंवा दुखणं कमी होत होत तिसऱ्या-चौथ्या दिवशी अचानक वाढलं, कानात कळ जायला लागली, तोंडाला घाण वास येतोय, तर गूगल करत बसू नका, फोन करा. ड्राय सॉकेट असेल तर औषधाची पट्टी भरतात आणि बऱ्याच जणांना लवकर आराम पडतो.

साधारण आठवड्याने टाके काढतात, आणि टाके निघाले म्हणजे झालं असं वाटतं, तिथेच लोक बाकरवडी उघडतात. खड्डा वरून भरायला तीन-चार आठवडे लागतात, तोपर्यंत दुसऱ्या बाजूने चावायचं आणि खाऊन झालं की चूळ. मधल्या काळात डॉक्टर वाकड्या टोकाची प्लास्टिकची सिरिंज देतात, त्यांनी सांगितल्यावरच ती वापरायला सुरुवात करा, कोमट पाणी भरून हळू सोडायचं. पहिल्यांदा मी सोडलं तेव्हा भाताची दोन शितं आणि कोथिंबिरीचं एक पान निघालं, मी तर कोथिंबीर खाल्लीच नव्हती, आईला विचारलं तर म्हणाली वरणात अगदी थोडी, वासापुरती.