ग्रीक-रोमन जगाबद्दल लिहिताना या चुका टाळा

शालेय प्रकल्प असो, स्पर्धा परीक्षेची टिपणे असोत किंवा एखाद्या अंकासाठी लिहिलेला लेख असो, प्राचीन ग्रीस आणि रोम यांविषयीची माहिती आपल्यापर्यंत बहुधा तिसऱ्या-चौथ्या हातातून येते. वाटेत सनावळी चुकते आणि कोणी काय म्हटले याची सरमिसळ होते. बहुतेक चुकांच्या मुळाशी एकच सवय असते. हजाराहून अधिक वर्षे चाललेले आणि तीन खंडांवर पसरलेले ते जग आपण एकाच काळातले, एकाच ठिकाणचे समजून वाचतो.

सनावळीपासून सुरुवात करू. इ.स.पू. १ नंतर थेट इ.स. १ येते, मध्ये शून्य वर्ष नाही. ऑगस्टसचा जन्म इ.स.पू. ६३ च्या सप्टेंबरमधला आणि मृत्यू इ.स. १४ च्या ऑगस्टमधला आहे. ६३ आणि १४ यांची बेरीज करून त्याचे वय ७७ लिहिले जाते. प्रत्यक्षात बेरजेतून एक वर्ष वजा करावे लागते, आणि वाढदिवसाला महिनाभर अवकाश असल्यामुळे मृत्यूसमयी त्याचे वय ७५ भरते. ही चूक मोठ्या प्रमाणावरही होऊ शकते. ग्रीक आणि इराणी यांच्यातली थर्मोपिलीची लढाई इ.स.पू. ४८० मधली, म्हणजे तिला २५०० वर्षे २०२१ मध्ये पूर्ण झाली. ग्रीसने मात्र तिचे स्मरणनाणे २०२० मध्येच काढले. शतकांबाबतही असेच होते. इ.स.पू. ३२६ हे वर्ष चौथ्या शतकातले आहे, तिसऱ्या नव्हे.

दुसरी चूक नकाशाची आहे. आजच्या ग्रीस देशाच्या सीमा डोळ्यांसमोर ठेवून ‘ग्रीक विद्वान’ शोधायला गेल्यास अर्धेअधिक हातातून निसटतात. थेल्सचे मिलेटस आणि हिरोडोटसचे हॅलिकारनॅसस ही दोन्ही शहरे आजच्या तुर्कस्तानात येतात. आर्किमिडीज सिसिलीतल्या सिराक्यूजचा होता आणि युक्लिडचे कार्यक्षेत्र इजिप्तमधले अलेक्झांड्रिया होते. त्या काळी ‘ग्रीस’ नावाचे एक राज्य नव्हतेच. भाषा आणि देवदेवता यांनी जोडलेली, पण आपसांत लढणारी अनेक नगरराज्ये होती. म्हणून ‘ग्रीकांनी लोकशाही दिली’ असे लिहिण्याऐवजी अथेन्सचे नाव घ्यावे, आणि तिथेही स्त्रिया, गुलाम आणि परके रहिवासी यांना मताचा अधिकार नव्हता हे सांगावे.

व्यक्तींबाबत काही चुका वारंवार दिसतात. ज्युलियस सीझर कधीच सम्राट नव्हता. इ.स.पू. ४४ मध्ये त्याला तहहयात हुकूमशहा हे पद मिळाले आणि त्याच वर्षी १५ मार्चला त्याची हत्या झाली. पहिला सम्राट म्हणून ऑगस्टसचे नाव घेतात, आणि ‘ऑगस्टस’ ही पदवी त्याला इ.स.पू. २७ मध्ये मिळाली. ‘ब्रूटस, तू सुद्धा!’ हे मराठीत रुळलेले वाक्य शेक्सपिअरच्या नाटकातून आले आहे. रोमन चरित्रकार सुएटोनियसच्या मते सीझर काहीही न बोलता मेला, मात्र ‘मुला, तूही?’ असे तो ग्रीकमध्ये म्हणाल्याचे काहीजण सांगतात, अशी नोंदही त्याने केली आहे. क्लिओपात्रा इजिप्तची राणी असली तरी तिचे घराणे अलेक्झांडरच्या टॉलेमी या मॅसिडोनियन सेनापतीचे होते. सॉक्रेटिसने स्वतः काहीही लिहून ठेवले नाही, त्यामुळे त्याचे म्हणून दिले जाणारे अवतरण त्याच्या शिष्यांपैकी प्लेटोच्या लेखनातले आहे की झेनोफनच्या, हे नमूद करावे. ॲरिस्टॉटल त्याचा प्रत्यक्ष शिष्य असूच शकत नाही, कारण सॉक्रेटिसला विष इ.स.पू. ३९९ मध्ये दिले गेले आणि ॲरिस्टॉटलचा जन्म इ.स.पू. ३८४ चा आहे.

आपल्याकडे सर्वाधिक गोंधळ अलेक्झांडरविषयी होतो. झेलमकाठची पोरसशी लढाई इ.स.पू. ३२६ मधली. ‘राजासारखे वागव’ हे पोरसचे बाणेदार उत्तर आपण पाठ केलेले असते, पण ते सांगणारे ग्रीक लेखक प्लुटार्क आणि ॲरियन चारशेहून अधिक वर्षांनी लिहीत होते. शिवराज्याभिषेकापासून आजपर्यंत जेवढा काळ लोटला, त्यापेक्षाही हे अंतर जास्त आहे. ॲरियनसमोर टॉलेमी आणि ॲरिस्टोब्युलस या अलेक्झांडरच्या मोहिमेत सहभागी असलेल्या व्यक्तींचे लेखन होते, आणि ते आज नष्ट झालेले असल्यामुळे ॲरियनचे मोल वाढते. तरीही संवाद शब्दशः खरा मानणे धाडसाचे आहे. उलट, ‘खरे तर पोरसच जिंकला’ असे ठासून सांगण्यालाही आधार नाही. ॲरियन, डायोडोरस, कर्टियस, प्लुटार्क आणि जस्टिन हे पाचही लेखक विजय अलेक्झांडरचाच सांगतात. भारतीय बाजूचा समकालीन वृत्तांत मात्र एकही नाही. ही मर्यादा लेखात अवश्य लिहावी, पण तिच्या जागी आपल्याला हवा तो निकाल भरू नये.

अलेक्झांडरची चंद्रगुप्त मौर्याशी लढाईही झाली नाही. तरुणपणी चंद्रगुप्ताने त्याला पाहिल्याचा उल्लेख प्लुटार्क करतो, इतकेच. चंद्रगुप्ताचा संघर्ष आणि नंतरचा तह अलेक्झांडरचा सेनापती सेल्यूकस याच्याशी झाला, आणि त्या तहात सेल्यूकसला ५०० हत्ती मिळाले. त्याच सेल्यूकसचा दूत मेगॅस्थेनिस याने भारतावर ‘इंडिका’ हा ग्रंथ लिहिला. ‘इंडिकामध्ये असे लिहिले आहे’ हे विधान बेधडक करू नये, कारण मूळ ग्रंथ हरवला आहे. आपल्या हाती आहेत ती ॲरियन, स्ट्रॅबो आणि डायोडोरस यांनी दिलेली अवतरणे व सारांश, आणि स्ट्रॅबोचा तर मेगॅस्थेनिसवर फारसा विश्वासही नव्हता.

महाराष्ट्राचा संबंध जोडताना हात आखडता घ्यावा. कार्ल्याच्या चैत्यगृहातील स्तंभांवर यवन (त्या काळी ग्रीकांसाठी वापरला जाणारा शब्द) दात्यांचे लेख आहेत, पण ‘सिहधय’, ‘धंम’ अशी त्यांची नावे भारतीय वळणाची आहेत, त्यामुळे ते थेट ग्रीसहून आलेले होते असे त्यावरून सिद्ध होत नाही. इ.स.च्या पहिल्या शतकातील ‘पेरिप्लस’ या ग्रीक व्यापारी मार्गदर्शिकेत सोपारा, कल्याण, पैठण आणि तेर यांची नावे येतात. त्यावरून व्यापार होता हे नक्की समजते, रोमन वसाहत होती हे समजत नाही. कोल्हापूरच्या ब्रह्मपुरीत सापडलेली पोसायडन या ग्रीक समुद्रदेवाची लहानशी कांस्यमूर्तीही याच व्यापारातली म्हणावी लागते. वस्तू समुद्रापार येते म्हणून ती घडवणारे लोक सोबत आले असे धरून चालू नये. तसा दावा करायचा असेल, तर घरे, दफने, रोजच्या वापरातली भांडी असा वेगळा पुरावा दाखवावा लागतो.