भाड्याच्या गाडीचं डॅमेज कव्हर: नागपुरातून निघण्याआधीची तयारी

बुकिंगच्या शेवटच्या पानावर ‘डॅमेज प्रोटेक्शन’चा चौकोन समोर येतो, तेव्हा आपलं लक्ष पैसे भरून मोकळं होण्याकडे असतं. म्हणून हा निर्णय तिथे घेऊच नका. आदल्या दिवशी अटींचं पान उघडा आणि दोन आकडे कागदावर उतरवा. कव्हर न घेता गाडीला लागलं तर जास्तीत जास्त किती भरावं लागेल? आणि कव्हर घेतल्यावरही आपल्या खिशातून किती जाईल? हे आकडे स्पष्ट लिहिलेले नसतील तर मेलवर किंवा चॅटवर विचारा आणि उत्तर जपून ठेवा. फोनवरचं ‘सर, सगळं कव्हर होते’ हे उत्तर धरू नका.

गाडीचा विमा आणि हे कव्हर या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. विमा गाडीचा असतो आणि तो मालकाने काढलेला असतो. तुम्हाला विकलं जाणारं कव्हर बहुतेक वेळा विमा नसून सवलत असते: नुकसान कितीही झालं तरी तुमच्याकडून अमुक रकमेपर्यंतच घेऊ, असं कंपनीचं आश्वासन. त्यामुळे त्याची किंमत त्याच्या शब्दांइतकीच. तुमच्या घरच्या गाडीची पॉलिसी इथे कामाची नाही, कारण आपल्याकडे पॉलिसी गाडीच्या नंबराला बांधलेली असते.

आता हिशेब. समजा तीन दिवसांची गाडी आहे, कव्हर रोजचं ३५० रुपये आणि ते घेतल्याने तुमची मर्यादा १०,००० वरून २,००० वर येते. म्हणजे १,०५० रुपये भरून तुम्ही ८,००० वाचवता. साधारण आठ सहलींत एकदा तरी मोठं लागणार असेल, तरच हा सौदा परवडतो. सराईत हाताला तो महागच आहे. पण मर्यादा ५०,००० वरून ५,००० वर येत असेल तर त्याच १,०५० मध्ये ४५,००० वाचतात आणि बेचाळीस सहलींत एकदा लागलं तरी हिशेब जुळतो. तिथे घासाघीस न करता घ्यावं. मर्यादाच ठरलेली नसेल, ‘प्रत्यक्ष खर्च’ एवढंच लिहिलं असेल, तर कव्हर घ्या नाहीतर दुसरीकडची गाडी बघा.

त्याआधी नंबरप्लेट बघा. सेल्फ-ड्राइव्हसाठी रीतसर नोंदलेल्या गाडीची पाटी काळी आणि अक्षरं पिवळी असतात. ओळखीतल्या कोणाची पांढऱ्या पाटीची गाडी भाड्याने घेत असाल, तर खाजगी पॉलिसीत भाड्याचा वापर वगळलेला असतो हे ध्यानात ठेवा. विमा कंपनीने त्यावर बोट ठेवलं की सगळा खर्च तुमच्यात आणि मालकात वाटायचा उरतो. गाडीचा नंबर एम-परिवहन ॲपवर टाकला की विम्याची मुदत दिसते. दोन मिनिटांचं काम आहे.

मग ‘यात समाविष्ट नाही’ हा भाग वाचा, खरा मजकूर तिथेच असतो. फक्त टायर फाटला, रिम वाकली, क्लच जळला, चावी हरवली, डिझेल गाडीत पेट्रोल भरलं, खालून ऑइल चेंबर फुटला, सीटवर डाग पडले: यातलं बरंचसं बहुतेक ठिकाणी कव्हरबाहेर असतं. नागपुरात गाडीला नेमकं हेच होतं. सिमेंट रस्त्याची कडा बाजूच्या गट्टूंपेक्षा उंच असते. गाडी तिरपी न घेता सरळ उतरवली की बंपरचा खालचा ओठ घासतो किंवा चेंबर आपटतो.

टायरचं थोडं सविस्तर. समृद्धी महामार्ग सिमेंटचा आहे आणि मोटारींना तिथे ताशी १२० पर्यंत मुभा आहे. हवा कमी असली की टायरच्या बाजूच्या भिंती प्रत्येक फेऱ्यात दबतात, आतून तापतात आणि कमकुवत जागी फुटतात. मे महिन्याचं ऊन त्यात भर घालतं. ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवरच्या स्टिकरवर ३३ लिहिलं असेल आणि आत २७ असेल, तर तसंच शिवमडक्याहून, म्हणजे महामार्गाच्या नागपूरकडच्या टोकाहून, निघू नका. हवा सकाळी, टायर थंड असताना तपासा. टायरवर चार अंकी शिक्का असतो: २३२१ म्हणजे २०२१ सालचा तेविसावा आठवडा. फार जुना टायर दिसला किंवा खाच १.६ मिलिमीटरच्या आसपास आली असेल, तर गाडी बदलून मागा. फक्त टायर गेला तर विमाही सहसा मिळत नाही, गाडीचं इतर नुकसान त्याच वेळी झालेलं असावं लागतं.

पावसाळ्यात ‘पाण्यामुळे इंजिनचं नुकसान’ ही ओळ शोधा. २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे अंबाझरी तलाव ओसंडून वाहिला तेव्हा कितीतरी गाड्या पाण्यात गेल्या. एरवीही नरेंद्रनगरच्या रेल्वेपुलाखाली पाणी साचतंच. हवेच्या वाटेने पाणी इंजिनात गेलं की पिस्टनला ते दाबता येत नाही आणि कनेक्टिंग रॉड वाकतो. बंद पडलेली गाडी पुन्हा स्टार्ट करणं ही यातली सगळ्यात महाग चूक. साध्या विम्यात हे नुकसान येत नाही, त्याला ‘इंजिन प्रोटेक्ट’ हे वेगळं जोड-कव्हर लागतं आणि भाड्याच्या कव्हरमध्येही ते क्वचितच असतं. तेव्हा पाण्यात गाडी थांबली तर चावीला हात न लावता ढकलून बाहेर काढा.

रस्त्याप्रमाणे निर्णय बदलतो. धरमपेठ ते विमानतळ आणि रामटेक एवढंच फिरायचं असेल तर धोका ओरखड्यांचा. उमरेड-भिसी-चिमूर मार्गे ताडोब्याच्या कोलारा गेटला जायचं असेल, तर पहाटेच्या सफारीसाठी अंधारात निघावं लागतं आणि रानडुक्कर, नीलगाय ऐन वळणावर आडवी येते. तिथे कव्हर घ्यावं, असं आमचं स्पष्ट मत. चिखलदऱ्याच्या घाटात क्लच अर्धवट दाबून गाडी धरून ठेवायची सवय असेल तर आधी ती सोडा, जळालेल्या क्लचला कव्हर वाचवत नाही. पेंचला तुरिया गेटने जाणार असाल तर ते मध्य प्रदेशात येतं. राज्याबाहेर कव्हर चालतं का, हे लेखी विचारा. चालवणारे दोघं असतील तर दुसऱ्याचं नावही बुकिंगमध्ये घाला. नाव नसलेल्या माणसाच्या हातून लागलं तर कव्हर गेलंच म्हणून समजा.

कव्हर घेतलं असो वा नसो, गाडी ताब्यात घेताना व्हिडिओ काढा. उजेडात, सलग, मध्ये न थांबवता. नंबरप्लेटपासून सुरुवात करून गाडीभोवती फिरा. वाकून बंपरचे खालचे कोपरे, चारही रिम, आरसे, छप्पर आणि समोरच्या काचेवरची खडीची टिचकी दाखवा. डिकी उघडून स्टेपनी, जॅक आणि पाना, मग आत बसून इग्निशन चालू करून किलोमीटर, इंधनाचा काटा आणि पेटलेले दिवे. ओला किंवा धुळीने माखलेला रंग ओरखडे लपवतो, तेव्हा फडका मारून घ्या. दिसलेली प्रत्येक खूण त्यांच्या ॲपमध्ये किंवा कागदावर नोंदवून घ्या, व्हिडिओ तिथल्या तिथे पाठवून ठेवा.

एक गोष्ट बहुतेकांच्या लक्षात येत नाही: गाडीच्या पॉलिसीतला १५ लाखांचा अपघात विमा मालक-चालकासाठी असतो, भाड्याने घेणाऱ्यासाठी नाही. डॅमेज कव्हर फक्त पत्रा-काच बघतं. तुमची स्वतःची वैयक्तिक अपघात आणि आरोग्य पॉलिसी चालू आहे ना, ते निघण्याआधी बघा. समोरच्या माणसाला लागलं तर ते प्रकरण थर्ड पार्टी विम्यात जातं. तिथे वैध लायसन्स लागतंच, डिजिलॉकरमधलं चालतं.

लागलंच तर, कोणी जखमी असेल तर आधी ११२. मग गाडी हलवण्याआधी फोटो, आणि लगेच कंपनीच्या हेल्पलाइनला फोन. किती वेळात कळवायचं ते अटींत असतं, तो आकडा आदल्या दिवशीच्या कागदावर तिसरा लिहून ठेवा. ओळखीच्या डेंटरकडे परस्पर ठोकून घेऊ नका, कव्हर बाद व्हायचं ते सर्रास कारण आहे. गाडी परत देताना पुन्हा तसाच व्हिडिओ काढा आणि त्यांच्या माणसासमोर ‘नवं नुकसान नाही’ असं लिहून घ्या. रात्री किल्ली ठेवून निघून जायची सोय असेल तर ती टाळा. नंतर डिपॉझिट कापलं तर दुरुस्तीचं बिल आणि फोटो मागा. दोन्ही मिळाले नाहीत तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर तक्रार नोंदवता येते.