होस्ट फॅमिलीला पत्र लिहिताय? या चुका टाळा

मुलुंडला राहणाऱ्या माझ्या भाचीने अमेरिकेतल्या होस्ट फॅमिलीसाठी, म्हणजे एक्स्चेंजवर तिकडच्या शाळेत शिकताना ज्यांच्या घरी राहायचं त्या कुटुंबासाठी, लिहिलेलं पहिलं पत्र मला अजून आठवतं. दहावीचे ९४ टक्के, अबॅकसच्या लेव्हल्स, कथकच्या परीक्षा, स्कॉलरशिप, सगळं त्यात होतं. ही मुलगी घरात कशी वावरते, याबद्दल मात्र एक अक्षर नव्हतं. त्यानंतर ओळखीपाळखीतल्या बऱ्याच मुलांची पत्रं मी वाचली आणि बहुतेकांत तीच चूक सापडली.

पत्र कोण वाचणार आहे, ते आधी डोळ्यांसमोर आणा. अमेरिकेच्या जे-१ या एक्स्चेंजच्या व्हिसावर शाळेत शिकायला जाणारी मुलं १५ ते साडेअठरा वर्षांची असतात आणि त्यांना घरी ठेवून घेणाऱ्या कुटुंबाला त्याचे पैसे मिळत नाहीत. उलट घराची पाहणी होते, मुलाखत होते, घरातल्या १८ वर्षांवरच्या प्रत्येकाच्या नावावर काही गुन्हा आहे का तेही तपासलं जातं. एवढं सोसून परक्याचं पोर सांभाळायला तयार झालेली ही माणसं रात्री जेवणं झाल्यावर तुमचं पत्र वाचतात. हे पोर आपल्या घरात रुळेल का, एवढंच त्यांना कळायला हवं असतं. मार्कांचं काम गुणपत्रिका करते.

भाचीला मी म्हटलं, मागच्या मंगळवारी उठल्यापासून झोपेपर्यंत काय केलंस ते लिही. ती म्हणाली, ‘मावशी, त्यात लिहिण्यासारखं काय आहे?’ पण लिहिलं. पहाटे पाणी येतं तेव्हा पिंप भरायची पाळी तिची. मग माटुंग्याच्या कॉलेजसाठी ७.१२ ची स्लो. संध्याकाळी आजोबांच्या मोतीबिंदूमुळे त्यांना पेपर वाचून दाखवायचा, अग्रलेखासकट. पुढे ज्या कुटुंबाने तिला बोलावलं, त्यांच्या पहिल्याच मेलमध्ये आजोबांची चौकशी होती.

आपलं इंग्रजी त्यांना वेगळंच ऐकू येतं

याकडे शिक्षकांचंही लक्ष जात नाही, म्हणून जरा सविस्तर सांगते. ‘आय पास्ड आउट इन २०२४’ असं लिहिलं, की अमेरिकन माणसाला वाटतं मुलगा बेशुद्ध पडला. ‘रविवारी आम्ही हॉटेलमध्ये जेवतो’ म्हणजे तो लॉजमध्ये राहायला गेला असं वाटतं. तिथे रेस्टॉरंट लिहा. ‘आमची सोसायटी’ त्यांना समजत नाही. आम्ही राहतो ती इमारत आणि तिथले शेजारी, असं लिहा. ‘कझिन ब्रदर’, ‘नेटिव्ह प्लेस’, ‘आउट ऑफ स्टेशन’ हे सगळं आपल्याकडचं. गावाला जातो म्हणायचं असेल तर आजीचं घर कोकणात आहे, मे महिन्यात आम्ही तिथे असतो, असं साधं वाक्य करा.

सुरुवात ‘रिस्पेक्टेड सर/मॅडम’ने करू नका, तो अर्जाचा मायना झाला. ‘डिअर मॉम अँड डॅड’ही नको. होस्ट एकटी बाई असू शकते, निवृत्त जोडपं असू शकतं. रोटरीच्या वर्षभराच्या एक्स्चेंजमध्ये तर मूल बहुतेक वेळा एकाहून अधिक घरांत राहतं. ‘डिअर होस्ट फॅमिली’ सगळ्यांना चालतं.

आणि कृपा करून आईबाबांनी मुलाचं पत्र लिहू नये. तुमची वाक्यं लगेच ओळखू येतात. मुलांना पाठवणाऱ्या बऱ्याच एक्स्चेंज संस्था आईबाबांचं पत्र वेगळं मागतातच. मायेने काय लिहायचं ते त्यात लिहा. मोबाइलवरच्या एआयकडून लिहून घेतलेल्या पत्रात चूक एकही नसते, पण ते विलेपार्ल्यातल्या मुलाचं की वाराणसीतल्या, हे सांगता येत नाही. व्याकरणाच्या दोन चुका राहिल्या तरी चालतील.

जेवण

‘आय अ‍ॅम प्युअर व्हेज’ एवढं लिहून थांबलात की घोटाळा पक्का. तिकडे कुणी व्हेजिटेरियन म्हणवून मासे खातो, कुणाला चिकनच्या स्टॉकमधलं सूप चालतं. म्हणून यादीच द्या. मटण, चिकन, मासे नाही. अंडं थेट नाही, पण केकमधलं चालतं की तेही नाही? एकाच कढईत आधी मांस शिजलं असेल तर? प्राण्यांच्या हाडा-कातड्यापासून केलेल्या जिलेटिनची जेली? चतुर्थीला उपास असतो का, आणि असला तर दिवसभर काय खाता? घरात बसून हे ठरवा आणि मगच लिहा. आपण खात नाही ते पदार्थ टेबलावर असले तर चालेल का, हेही लिहा, कारण कुटुंबाला खरी काळजी त्याचीच असते. आणि काय आवडीने खाता तेही सांगा. पास्ता, बीन्स, चीज, बटाटा खाणारा शाकाहारी मुलगा सांभाळणं त्यांना अवघड वाटत नाही.

कुत्र्यामांजरांबद्दल खोटं बोलू नका. तिथे कुत्रा सोफ्यावर बसतो आणि कधी पलंगावरही झोपतो. भीती वाटत असेल तर तसं लिहा, हळूहळू सवय करून घेईन असं खरंच वाटत असेल तर तेही लिहा. पावसाळ्यात दमा उठत असेल, शेंगदाण्याची अ‍ॅलर्जी असेल, तर ते लपवण्यात सरळ धोका आहे. मेडिकल फॉर्ममध्ये एक आणि पत्रात दुसरं असं तर अजिबात होऊ देऊ नका.

घरकामाचंही तसंच. ‘आय कॅन डू ऑल हाउसहोल्ड वर्क’ असं बिनधास्त लिहिणाऱ्या मुलाने घरी कधी ताट विसळलेलं नसतं, कारण बाई येते. आमच्याकडे भांड्यांना बाई येते, मी अंथरुणं घालतो, दळण आणतो, बाकीचं शिकायची तयारी आहे, असं लिहिलेलं पत्र मला कितीतरी जास्त आवडतं. आणि मग जायच्या आधी दोन महिने खरोखर शिका.

‘विविधतेने नटलेला भारत’ पत्रात आणू नका. गणपतीवर दोन परिच्छेदांचा निबंध लिहिण्यापेक्षा तुमच्या मोदकाला किती कळ्या पडतात, आरतीला तुम्ही टाळ वाजवता की झांजा, ते लिहा.

मला न्यूयॉर्कच हवं, स्वतंत्र खोली हवी, अशा अटी घालू नका. बरीच होस्ट घरं लहान गावांत असतात. घरचा पत्ता, फोन नंबर, पासपोर्टचा नंबर पत्रात टाकू नका. फोटो स्टुडिओतला नको, फिल्टरचा तर नकोच. आजीबरोबर पोळ्या लाटताना, शिवाजी पार्कवर मित्रांबरोबर, असे रोजचे चारपाच फोटो पुरेत. पत्र एक ते दीड पानाचं असावं.

जर्मनीला ओ-पेअर म्हणून, म्हणजे एखाद्या कुटुंबात राहून त्यांची मुलं सांभाळायला, जाणाऱ्यांचं पत्र थोडं वेगळं असतं. वयाची २७ वर्षं पूर्ण होण्याआधी व्हिसाचा अर्ज करावा लागतो, ए-१, म्हणजे अगदी पहिल्या पातळीचं जर्मन लागतं, महिन्याला २८० युरो पॉकेटमनी मिळतो आणि कामाची मर्यादा आठवड्याला ३० तास असते. इथे आईबाप आपलं मूल तुमच्या हाती देतात, म्हणून ‘आय लव्ह किड्स’पेक्षा शेजारच्या चार वर्षांच्या मुलीला तुम्ही भरवता कसं, ती रडली तर काय करता, हे त्यांना वाचायचं असतं. काळा घोड्याच्या मॅक्समुल्लर भवनात शिकलेली साधी जर्मन वाक्यं इथे वापरा, मोडकीतोडकी असली तरी.

पत्र गेलं, पण कुटुंबच मिळत नाही

असं झालं तर घाबरून संस्थेला रोज फोन करू नका. पत्र पुन्हा काढा आणि ‘नाही’, ‘चालत नाही’, ‘जमत नाही’ किती वेळा आलंय ते मोजा. आहाराबद्दलचं वाक्य पहिल्याच परिच्छेदात असेल तर खाली न्या. मग संस्थेला एकदाच विचारा, की सुधारलेलं पत्र आणि नवे फोटो चालतील का.

कुटुंब ठरलं की पहिला मेल तुम्हीच करा, दोन दिवसांच्या आत. व्हिडिओ कॉलची वेळ ठरवताना न्यूयॉर्क उन्हाळ्यात मुंबईच्या साडेनऊ तास मागे असतं आणि हिवाळ्यात साडेदहा, हे ध्यानात ठेवा. आपल्या संध्याकाळी साडेसातला त्यांची सकाळ असते, आणि शनिवार-रविवारी तेव्हा सगळे घरी सापडतात. आजी-आजोबांनाही कॅमेऱ्यासमोर बसवा.